लाल दिव्यावरची पट्टी

आत्या,

तुझी गाडी विकायला काढलीय. बाबांनी काशीमिऱ्याच्या एका दलालाला सांगून ठेवलंय, आणि तो रविवारी सकाळी बघायला येणार आहे. मी नाही म्हटलं. मी नाही कशी म्हणते ते तुला माहीत आहे. शेजारच्या कांताबेन दार उघडून डोकावून गेल्या. बाबांनी मात्र आवाज चढवला नाही. म्हणाले, "इंजिनचा लाल दिवा पेटलेला असतो, ही गाडी माणसं न्यायच्या लायकीची नाही. हे माझं म्हणणं नाही, करुणा. तुझं आहे. एवढे महिने आत्याशी तूच भांडत होतीस."

शब्द न् शब्द माझाच होता.

"तो दिवा विझव," बाबा म्हणाले, "मग गाडी ठेवू. तुला चालवता येते. पण पेटलेल्या दिव्यानं कुणाच्या लेकीसुनेला त्यात बसवायचं नाही."

म्हणून सध्या मी तुझ्या गाडीखाली आहे. हात पुसते, चार ओळी लिहिते, पुन्हा खाली जाते. कागदावर काळे ठसे उमटताहेत. संपादकांनी लेख मागितलाय. सुमनताईंचा जन्म, शिक्षण, कार्य, असं क्रमानं लिही म्हणाले. मी हो म्हटलं आणि घरी येऊन पाना हातात घेतला. तुझा जन्म कुठे झाला हे ज्यांना हवंय त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचंय, आणि माझ्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे.

शोकसभा विहाराच्या अंगणात झाली. चांगली माणसं चांगलं बोलली. झुंजार म्हणाले, निर्भीड म्हणाले, खूप मोठी पोकळी म्हणाले. मला उभं केलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसले, कारण माझ्या डोक्यात सतत एकच गोष्ट घोळत होती: चेंबरच्या पॅकिंगला तू किती पेस्ट लावली होतीस. आता शोकसभेत हे कसं बोलायचं?

कामाचं बोलली ती एकटी हिराबाय. आपल्या दारावर मासे घेऊन येणारी, राई गावची. पाटी गेटपाशी ठेवून आत आली, तुझ्या फोटोसमोर हात जोडले, आणि वळून मला म्हणाली, "सुमनबाय गेली. आता गारी कोन चालवल गो?"

एवढंच विचारलं तिनं. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

*

मला अक्षरं शिकवलीस तू, आणि तीही पत्रकांवर. बालभारतीचं पुस्तक शाळेत. घरी तू मागच्या सभेची उरलेली पत्रकं आणायचीस, त्यातल्या मथळ्यांची अक्षरं मोठी असतात म्हणून. "जागे व्हा" हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. उद्गारचिन्ह मला काना-मात्रांच्या आधी कळलं. बाबा म्हणायचे, "सुमन, पोरीला एखादं पूर्णविरामाचं वाक्यही शिकव." तू म्हणायचीस, "दादा, पूर्णविराम तिला आयुष्य शिकवील."

मग आपण लालबागची खोली सोडून इथे जेसल पार्कात आलो, आणि तू स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिसचं काम धरलंस. गाडी आली ती आणखी चार-पाच वर्षांनी. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची होती, राखाडी, पुढचा डावा दरवाजा आतूनच उघडणारी. लोकांना वाटलं, सुमनताईंना आता मोटारीची हौस आली. तुला हौस नव्हती, राग होता. कारखान्यातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या आणि बोरिवलीच्या दवाखान्यात न्यायला रिक्षावाला तयार होईना, त्या दिवसाचा राग. तू गाडी घेतलीस आणि कंपाऊंडच्या भिंतीवर खडूनं लिहिलंस: "दवाखान्यासाठी गाडी. तळमजला, खोली तीन. दार वाजवा." सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते पुसलं. तू रंगानं लिहिलंस.

आणि गॅरेजला जायचं नाही, हा तुझा कायदा. काशीमिऱ्याला हायवेवर इतकी गॅरेजं, पण तू एकदाच गेलीस. मी होते बरोबर. तू विचारलंस, कार्बोरेटरमध्ये काय बिघडलंय? तो माणूस तुझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "साब किधर है?" तू म्हणालीस, "साब मैं ही हूं." तो हसला. तू बॉनेट खाली आपटलंस आणि घरी येऊन दुरुस्तीचं पुस्तक उघडलंस.

तेव्हापासून दर रविवारी तुझे पाय गाडीखालून बाहेर. पोरं क्रिकेट खेळताना तुझ्या चपलांना स्टंप समजायची. मी शेजारी बसून मोठ्यानं पुस्तक वाचायचे, तू आतून ओरडायचीस: "पुढे वाच! हे तर मी केलंच!" तू पुस्तकाच्या नेहमी एक पान पुढे असायचीस. आपल्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू झाल्या.

*

आता पेस्टचं.

गाडीखाली तेलाचा डाग पडायला लागला. इंजिनच्या बुडाशी तेल साठवणारं पत्र्याचं चेंबर असतं, त्याचं पॅकिंग जुनं झालं होतं. थेंब पडायचा. एक थेंब, मग बऱ्याच वेळानं दुसरा. कुणीही दुर्लक्ष केलं असतं. पण आपल्या इथे पाणी कसं येतं? नळाला कान लावून बसायचं, आणि फुसफुस झाली की घरातलं प्रत्येक पातेलं भरून घ्यायचं. अशा गावात राहणाऱ्या बाईला कुठलीच गोष्ट गळताना बघवत नाही. तू सोसायटीतला प्रत्येक गळका नळ दोरा गुंडाळून गच्च केला होतास. गच्चीच्या भेगांत डांबर भरलं होतंस. कुणाच्या घरात टपटप ऐकू आली की चहाचा कप ठेवून उठायचीस.

तेच हात चेंबरला लागले. नवं पॅकिंग आणलंस आणि दोन्ही बाजूंना पेस्ट लावलीस. पुस्तकात लिहिलं होतं, पातळ थर द्या. मी वाचलं. तू म्हणालीस, "पातळ थरानं काय होतंय? पाण्याच्या पाइपाला मी किती लावते?" आणि करंजीच्या कडा बंद कराव्यात तशी बोटानं भरत गेलीस. बोल्ट आवळले तशी पेस्ट कडेनं बाहेर आली, जाड, गोल, सुतळीसारखी. तू ती बघून खूश. "आता गळून दाखव म्हणावं!"

गाडी गळाली नाही. एक थेंबही नाही. पण दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला. तेलाच्या बुधल्याचं चित्र असलेला. गाडी सुरू केल्यावर तो विझायला हवा. तो विझेना. कधी मंद, कधी ढळढळीत, पण पेटलेला.

आणि आपण भांडायला लागलो.

तू म्हणालीस, दिवा खोटा बोलतोय. तेलाचा दाब मोजणारा छोटा स्विच असतो, तो बिघडलाय. बदललास. दिवा पेटलेलाच. मग म्हणालीस, वायर कुठेतरी घासतेय. वायर बदललीस. दिवा पेटलेलाच. मग तेल बदललंस, जाड घातलंस. तो थोडा मंदावला, आणि इंजिन तापलं की पुन्हा लाल. तू म्हणालीस, नवा स्विचही डुप्लिकेट निघाला, बाजारात सगळंच डुप्लिकेट.

मी म्हणत होते, दिवा खरं बोलतोय. पेस्ट जेवढी बाहेर आली तेवढीच आतही आली असणार. आतली तुटून तेलात पडली असणार. तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी आहे, तिथे जाऊन बसली असणार. इंजिनला तेल पुरत नाहीये, आत्या. चेंबर पुन्हा खोल.

"म्हणजे माझं काम कच्चं?"

"उलट. फार पक्कं झालंय."

"नाव करुणा ठेवलं," तू कांताबेनना म्हणालीस, "आणि तोंड बघा हिचं. कोर्टात सरकारी वकील शोभली असती."

"सुमनबेन, लडकी बराबर बोलती है तो?" कांताबेन म्हणाल्या.

"बराबर बोलती है तो क्या हुआ? तमीज से बोले!"

आज हे आठवून हसू आलं आणि डोकं पत्र्यावर आपटलं. थांबते. बोल्ट सैल करायचेत.

*

आता तो दिवस. त्याबद्दल लिहायचं टाळत होते.

हिराबायच्या सुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हा दुपार होती. दिवा पेटत होता, पण आपण निघालो, कारण दुसरं काही नव्हतं. राईतून दोघींना घेतलं. सून मागे आडवी, हिराबाय तिचं डोकं मांडीवर घेऊन. मी तुझ्या शेजारी. रेल्वेच्या फाटकापाशी अडकलो तेव्हा हिराबाय पुढे वाकली आणि तिला ते दिसलं.

"अगो सुमनबाय, यो लाल दिवा कनाला पेटलाय? गारी मधीच मरल त न्हाय?"

सुनेनं ते ऐकलं आणि ती रडायला लागली. आधी कळांमुळे कण्हत होती, ते वेगळं होतं. हे घाबरून रडणं. श्वास घेता येईना तिला.

तू पुढच्या कप्प्यातून मलमपट्टीचा डबा काढलास, चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडलास, त्यावर दुसरा दुहेरी लावलास, आणि दिव्यावर दाबून बसवलास. गेला दिवा.

"बघ, गेला," तू आरशातून मागे बघत म्हणालीस. "आता तू फक्त माझ्याबरोबर श्वास घे. आत. बाहेर. हिराबाय, तुम्हीसुद्धा घ्या. नुसतं देवाचं नाव नका घेऊ, त्याला श्वास लागत नाही."

आणि हिराबाय हसली. सूनही, रडता रडता. बोरिवलीला वेळेत पोहोचलो. मुलगी झाली.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सुरू केलं. तुला चहाही पिऊ दिला नाही.

"तू त्यांना फसवलंस."

"मी त्यांना पोचवलं."

"आपण कशात बसलोय हे त्यांना कळायचा हक्क नाही? काही महिन्यांपूर्वी पत्रक कुणी वाटलं होतं?"

ते पत्रक आपण दोघींनी मिळून लिहिलं होतं. बिल्डरनं आपल्या इमारतीच्या खांबांना गेलेल्या भेगांवर रातोरात सिमेंटचा गिलावा मारून वर रंग दिला होता, तेव्हा. मथळा तुझा होता: "भेग झाकू नका, भेग दाखवा!" उद्गारचिन्ह मी दिलं होतं. त्या पत्रकामुळे त्याला गिलावा खरवडून खांब पुन्हा बांधावे लागले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अभिमानाचा दिवस होता. आणि आता तूच दिव्यावर पट्टी लावली होतीस.

"खांब आणि दिवा एकच का?" तू म्हणालीस.

"एकच!"

"करुणा, त्या पोरीला त्या वेळी दोनच गोष्टी कळायला हव्या होत्या. श्वास कसा घ्यायचा आणि दवाखाना किती लांब आहे. तिसरी गोष्ट मला कळली होती, तेवढं पुरे होतं."

"आणि गाडी बंद पडली असती तर?"

"तर मी पट्टी न लावताही बंद पडली असती."

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही पुरतं नाही. ज्याच्यावर धोका आहे त्याला तो सांगितलाच पाहिजे, असं मी मानते. त्याला कधी सांगायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं का, हा प्रश्न मला तू घालून ठेवलास, आणि तो पत्रकाच्या एका पानात मावत नाही.

मग मी घोषणा केली. तुझीच भाची. म्हटलं, ती पट्टी निघेपर्यंत मी या गाडीत बसणार नाही, आणि पट्टीला हातही लावणार नाही. जिनं लावली तिनं काढायची.

"बरं," तू म्हणालीस, आणि थंड झालेला चहा प्यायलीस. मी घरी बसनं आले.

*

लोकांना वाटेल, आता मी लिहिणार की तुझ्या आजाराचंही असंच झालं, तू तोही झाकून ठेवलास. शोकसभेत एक-दोघं तसं बोलले. ते खोटं आहे. आजाराचं तू काहीच झाकलं नाहीस. डॉक्टरांकडून आलीस, मी भाजी निवडत होते तिथे बसलीस, गवारीची एक मूठ पुढे ओढलीस आणि सांगितलंस: पोटात गाठ आहे, चांगली नाही, पसरलीय. बाबा उठून खिडकीपाशी गेले. मी देठ मोडत राहिले. तू म्हणालीस, "शिरा नीट काढ, मागच्या वेळी दातात अडकल्या होत्या."

भेग दाखवलीस. माझ्याच पद्धतीनं. तेव्हा मला कळलं की सत्य ऐकताना माणसाला काय होतं, आणि पत्रक लिहिताना मी याचा कधी विचारच केला नव्हता. यासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि याचाच मला रागही आहे. दोन्ही एकदम आहेत. कुठलं आधी लिहू?

तपासण्यांना तू स्वतः गाडी चालवत जायचीस. बाबा मागे. ते कधी पुढे बसलेच नाहीत, तुझं गाडी चालवणं त्यांना बघवत नसे. आणि मी बसनं. हो, मी बसनं यायचे. कंपाऊंडमधून तुमची गाडी निघायची आणि मी स्टॉपकडे चालायला लागायचे. तू माझ्याजवळ गाडी थांबवायचीस, तो डावा दरवाजा आतून उघडायचीस.

"ये, बस."

"आधी पट्टी काढ."

"तूच काढ ना."

"मी लावली नाही."

"अगं, बघ तरी."

"काय बघू? पट्टी दिसतेय मला इथून."

मग तू हसायचीस, दार ओढून घ्यायचीस आणि निघायचीस. दर वेळी हेच. नंतर नंतर तर तू नुसतीच फिरायला बोलवायचीस. "चल, काशीमिऱ्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ." मी म्हणायचे, आधी पट्टी काढ. तू म्हणायचीस, बघ तरी. मला वाटायचं ही आपली गंमत आहे. मला वाटायचं तुलाही तसंच वाटतंय.

मग तू दवाखान्यातच राहिलीस, आणि गाडी कंपाऊंडमध्ये.

*

चेंबर खाली आलं.

गाडी जॅकवर घेतली, दोन्ही बाजूंना तुझे ते लाकडी ओंडके लावले ("नुसत्या जॅकवर विसंबणारा माणूस एकदाच चुकतो," हे तूच सांगायचीस), तेल काढून घेतलं. बॅटरी इतके दिवस उभी राहून पार उतरलेली, ती स्टेशनजवळच्या दुकानात चार्जिंगला दिली. शनिवारी संध्याकाळी मिळणार होती. म्हणजे त्याआधी किल्ली फिरवून काही बघायची सोयच नव्हती. आणि सोय असती तरी मी फिरवली नसती. पेटलेल्या दिव्यानं इंजिन चालू करायचं नाही, हाच तर माझा पक्ष होता. आधी जाळी साफ करायची, मगच चालू.

बोल्ट सैल करताना मी खुशीत होते, आत्या. खोटं कशाला सांगू. मला तिथे पेस्टचे गोळे सापडायला हवे होते. मला ते हातात घेऊन बाबांना दाखवायचे होते, आणि तुला. तुला कसे दाखवणार होते कोण जाणे.

चेंबर हातात आलं. कडेची ती सुतळीसारखी जाड पेस्ट नव्हती. पातळ थर होता, इतका पातळ की पॅकिंगचा रंग त्यातून दिसत होता. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मी बॅटरीचा टॉर्च वर मारला. जाळी स्वच्छ. एक कण नाही. चेंबरच्या बुडाशी बोट फिरवलं, बोटाला नुसतं तेल.

मी तिथेच पडून राहिले. पाठीला फरशी टोचत होती. मला काही समजेना. म्हणजे जाळीत कधी काही नव्हतंच? तू बरोबर होतीस? की मग तो जाड थर मी स्वप्नात पाहिला?

बाहेर आले तर कांताबेन पापड वाळत घालत होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "क्या हुआ? फिर से खोला?"

"फिर से म्हणजे?"

"अरे, सुमनबेन ने खोला था ना. दिवाली की सफाई चल रही थी तब. तू गई थी तेरे शिबिर में, लातूर कि कहां. पूरा दिन नीचे थी. मैंने बोला, लोग घर साफ करते हैं, आप गाडी का पेट साफ कर रही हो? एक डब्बे में काला-काला रबर जैसा निकाल के मुझे दिखाया. बोली, देखो, मेरी भतीजी ने जो बोला था, वही निकला."

"तिनं मला सांगितलं नाही."

"मैंने पूछा ना! मैंने बोला, करुणा को बता दो, खुश हो जाएगी." कांताबेननी हातातला पापड ताटात ठेवला. "तो बोली, नहीं, आप भी मत बोलना. वो खुद गाडी में बैठेगी, खुद पट्टी निकालेगी, तब देखेगी. मुझे उसका मुंह देखना है उस टाइम."

दिवाळी. तपासण्या त्यानंतर सुरू झाल्या. म्हणजे तो डावा दरवाजा आतून जेव्हा जेव्हा उघडलास, त्या प्रत्येक वेळी त्या पट्टीखाली दिवा विझलेला होता.

बघ तरी.

मी घरात आले, हात न धुता बसले आणि हे लिहिलं नाही. आता लिहितेय. तू मला माझा विजय ताटात वाढून ठेवला होतास, आणि मी तत्त्वापायी ताटावर बसले नाही. यात चूक कुणाची? मी रात्रभर ठरवत होते, आणि मला माफी बिफी मागायची नाहीये. तूही एक वाक्य बोलू शकली असतीस! "करुणा, तू बरोबर होतीस." चार शब्द! मोठ्या बाईला इतके जड होते? की तुला खरंच फक्त माझं तोंड बघायचं होतं? बघायचं होतं तर थांबायचं होतंस ना आणखी थोडं.

*

रविवार.

चेंबर परत बसवलं. पेस्ट पातळ लावली, तुझ्यासारखी, म्हणजे तुझ्या दुसऱ्या वेळेसारखी. नवं तेल भरलं. बॅटरी जोडली. दलाल लवकरच आला, पांढरी पँट, काखेत पाकीट, आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चालू कर के दिखाओ." बाबा जिन्यात उभे होते.

मी तुझ्या सीटवर बसले. आरसा तुझ्या उंचीला लावलेला. तो हलवला नाही, मान वर करून बसले.

पट्टी समोर. कडा काळ्या पडलेल्या, तुझ्या अंगठ्याच्या दाबाचा ठसा अजून त्यावर. जिनं लावली तिनं काढायची. आता ती कुठून काढणार?

मी नखानं कोपरा उचलला आणि ओढली. सहज निघाली नाही. काचेवर चिकटा राहिला.

किल्ली फिरवली. दिवा पेटला. तेलाचा बुधला, लाल, ढळढळीत. बाबा जिन्याची एक पायरी खाली आले.

सेल्फ मारला. इंजिन दोनदा खोकलं, मग लागलं, आणि दिवा विझला.

मी विश्वास ठेवला नाही. बंद केलं, पुन्हा किल्ली. पेटला. सेल्फ. विझला. पुन्हा. पेटला. विझला. इंजिन तापू दिलं, पंखा फिरायला लागेपर्यंत. विझलेलाच. दलाल म्हणाला, "इंजन तो बढिया है, बेटी, अब बस करो, बैटरी उतर जाएगी."

बाबा गाडीजवळ आले. वाकून त्या काळ्या गोल काचेकडे बघत राहिले. मी त्यांना कांताबेनचं सगळं सांगितलं, इंजिनच्या आवाजावर ओरडून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दलालाला म्हणाले, "विकायची नाही. तुम्हाला फुकट खेप पडली. या, सोडतो."

आणि तू विश्वास ठेवणार नाहीस, पण बाबा पुढे बसले. डावा दरवाजा त्यांना बाहेरून उघडेना, मी आतून उघडून दिला. दलाल मागे, पाकीट मांडीवर घेऊन. काशीमिऱ्यापर्यंत बाबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ठेवला होता आणि प्रत्येक ट्रकला ते मनात नमस्कार करत होते. दलालाला हायवेवर त्याच्या दुकानापाशी सोडलं. उतरताना तो म्हणाला, "कभी बेचना हो तो बोलना." बाबा म्हणाले, "ही बाई बोलत नाही, ओरडते. तुम्हाला इथपर्यंत ऐकू येईल."

परत वळले. रस्ता जरा मोकळा होता. मला सारखं बोलावंसं वाटत होतं, बाबांशी नाही.

दिव्यावर पट्टी लावायला नको होती, हे माझं मत कायम आहे. ते मी लिहीन, छापीन, वाटीन. हिराबायच्या सुनेलाही एकदा विचारणार आहे, तुला तेव्हा कळायला हवं होतं का म्हणून. ती काय म्हणेल ते तुझ्या बाजूचं असलं तरी छापीन. उद्या सकाळी हिराबाय मासे घेऊन आली की तिला सांगायचंय, गाडी कोण चालवणार ते. भिंतीवरचा रंग उडालाय, तोही पुन्हा द्यायचाय.

पण ते उद्या. आज मी गाडीत बसलेय, आत्या. पट्टी मी काढलीय.

बघ तरी.